रणगाड्यांची मुसंडी कुठे अडते?

८ जून २०२३ रोजी दक्षिण युक्रेनमधल्या माला तोकमाच्का गावाजवळच्या सपाट शेतांमधून रणगाडे आणि चिलखती गाड्यांचा एक ताफा दक्षिणेकडे निघाला. त्यात जर्मन बनावटीचे लेपर्ड २ रणगाडे होते, अमेरिकेने दिलेल्या ब्रॅडली गाड्या होत्या आणि भूसुरुंग बाजूला सारून वाट काढणारी, फिनलंडकडून आलेली लेपर्ड २आर ही खास यंत्रे होती. युक्रेनच्या ४७व्या यांत्रिक ब्रिगेडने या साधनांचे प्रशिक्षण परदेशात घेतले होते. मेलितोपोलपर्यंत आणि तिथून अझोव्ह समुद्राच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचून रशियन सैन्याचे दोन तुकडे करायचे, असा बेत होता.

ताफा सुरुंगांच्या पट्ट्यात शिरला आणि तिथेच अडकला. पुढची गाडी बंद पडली. तिला वळसा घालायला निघालेल्या गाड्या मोकळ्या केलेल्या वाटेबाहेर जाऊन सुरुंगांवर चढल्या. पुढच्या काही दिवसांत रशियन ड्रोनने टिपलेली दृश्ये जगभर पसरली. शेताच्या एका लहानशा तुकड्यात निकामी गाड्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या. फिनलंडने दिलेल्या सहा लेपर्ड २आर यंत्रांपैकी तीन मोहिमेच्या सुरुवातीलाच गेली. पहिल्या दोन आठवड्यांत रणांगणावर उतरवलेल्या शस्त्रसामग्रीपैकी सुमारे २० टक्के सामग्री नष्ट किंवा निकामी झाली, असा पाश्चात्त्य अधिकाऱ्यांचा अंदाज जुलैमध्ये प्रसिद्ध झाला. पाच महिन्यांनंतर युक्रेनची सर्वांत मोठी आगेकूच जेमतेम १७ किलोमीटरची होती.

या अपयशाचे खापर कुणी सुरुंगांवर फोडले, कुणी अपुऱ्या प्रशिक्षणावर, कुणी उशिरा मिळालेल्या मदतीवर, तर कुणी ‘रणगाड्याचा जमाना संपला’ असा निकालच देऊन टाकला. प्रत्येक म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. पण रणगाड्यांची चढाई एका कारणाने थांबत नाही. ती कारणांच्या साखळीने थांबते आणि आज त्या साखळीची प्रत्येक कडी ड्रोनने आवळली आहे. ती साखळी नीट समजून घेतली, तर आजच्या युद्धाबद्दल पुष्कळ काही उलगडते.

मुसंडीचे भांडवल : वेळ

यांत्रिक चढाईची मूळ कल्पना साधी आहे. शत्रूची फळी शेकडो किलोमीटर लांब असते, त्यामुळे तो सगळीकडे सारखा बळकट असू शकत नाही. आपण आपले बळ गुपचूप एका ठिकाणी गोळा करायचे, तिथे शत्रूच्या कितीतरी पट ताकदीने घाव घालायचा, खिंडार पाडायचे आणि त्यातून वेगाने आत घुसून त्याच्या तोफा, रसद आणि मुख्यालये उधळून लावायची. शत्रूची राखीव कुमक तिथे पोहोचेपर्यंत आपण पुढच्या नदीवर किंवा गावात असायचे. रणगाडा आघाडीवर असतो. त्याच्या जोडीला चिलखती गाड्यांतले पायदळ असते, वाट मोकळी करणारे सॅपर असतात, मागून तोफखाना असतो आणि वर विमाने, हेलिकॉप्टरे असतात. या सगळ्यांचे घड्याळ जुळले, तरच मुसंडी साधते.

ती साधली तर काय होते, हे युक्रेननेच सप्टेंबर २०२२ मध्ये दाखवून दिले होते. सगळ्यांचे लक्ष दक्षिणेतल्या खेरसोनकडे होते आणि रशियाने आपली चांगली दले तिकडे हलवली होती. ६ सप्टेंबरला युक्रेनी सैन्याने खारकिव प्रांतात बालाक्लियाजवळ घाव घातला. तिथली रशियन फळी विरळ होती, सुरुंग कमी होते, मागे राखीव दल जवळपास नव्हतेच. पाच-सहा दिवसांत कुपियान्स्क आणि इझियुम ही महत्त्वाची शहरे युक्रेनच्या हाती आली. हलक्या चिलखती गाड्याही तिथे पुरेशा ठरल्या, कारण शत्रूला सावरायला वेळच मिळाला नाही.

वेळ हेच या चढाईचे खरे भांडवल आहे. पोलादी चिलखत आणि मोठी तोफ यांचे कामही अखेर वेळ वाचवण्याचेच असते. त्यामुळे तिला हरवू पाहणाऱ्याने प्रत्येक रणगाडा फोडायची गरज नसते. तिचा वेळ खाल्ला तरी पुरते.

पहिली कडी : सुरुंग

माला तोकमाच्का ज्या झापोरिझ्झिया भागात आहे, तिथे रशियाला तयारीसाठी अनेक महिने मिळाले होते. जनरल सुरोविकिन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संरक्षक फळीत खंदक, रणगाडे अडवणारे चर, काँक्रीटचे दाते आणि त्यांच्या पुढे मैलोन्‌मैल सुरुंग होते. रशियन लष्करी नियमांप्रमाणे सुरुंगपट्ट्याची खोली १२० मीटरच्या आसपास असते. ब्रिटनच्या रुसी या संरक्षण अभ्यास संस्थेच्या संशोधकांनी नोंदवले आहे, की २०२३ मध्ये काही ठिकाणी ती ५०० मीटरपर्यंत वाढवली गेली. काही ठिकाणी तर सुरुंग काढणारे यंत्रच मोडावे म्हणून एकाखाली एक असे रणगाडाविरोधी सुरुंग पुरले होते.

हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण वाट काढण्याची साधने कमी खोलीचा पट्टा गृहीत धरून बनवलेली असतात. अमेरिकी मिक्लिक यंत्रणेत रॉकेटच्या मागे स्फोटकांनी भरलेली लांब दोरी उडते, ती सुरुंगांवर जाऊन पडते आणि फुटते. एका स्फोटात सुमारे १०० मीटर लांब आणि ८ मीटर रुंद वाट तयार होते. सोव्हिएत बनावटीचे यूआर-७७ हे यंत्रही जवळपास तेवढेच अंतर मोकळे करते. म्हणजे ५०० मीटरच्या पट्ट्यातून एक वाट काढायला असे किमान पाच स्फोट हवेत आणि प्रत्येक स्फोटानंतर नांगर किंवा रोलर लावलेला रणगाडा उरलेले सुरुंग बाजूला करत पुढे जायला हवा. हे होईपर्यंत बाकीचा ताफा मागे उभा राहतो किंवा त्या अरुंद वाटेत मुंगीच्या पावलाने सरकतो.

एकेरी घाटरस्त्यात एखादा मालट्रक बंद पडला की मागे काय होते, ते आपल्याला ठाऊक आहे. इथे तर रस्त्याच्या दोन्ही कडांना सुरुंग असतात. वाट काढणारे पहिले यंत्र निकामी झाले, तर मागच्या डझनभर गाड्यांना पुढे जाता येत नाही, वळता येत नाही आणि मागे सरकणेही कठीण होते.

युद्धशास्त्रात अशा अडथळ्यातून पार होण्याची ठरलेली पद्धत आहे. पलीकडच्या शत्रूवर मारा करून त्याला डोके वर काढू द्यायचे नाही, धुराचा पडदा उभारून त्याची नजर झाकायची, अडथळ्याच्या आसपासची जागा ताब्यात घ्यायची, मग वाट काढायची आणि शेवटी तिच्यातून एकदम हल्ला करायचा. दुसऱ्या महायुद्धापासून चालत आलेल्या अनुभवातून ही पद्धत घडली आहे. तिच्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे. शत्रू समोर आहे आणि जमिनीवरून पाहतो आहे.

दुसरी कडी : वरून पाहणारा डोळा

ड्रोनने मोडले ते हे गृहीतक. धुराचा पडदा समोरच्या खंदकातल्या सैनिकाची नजर अडवतो, पण वरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला ताफ्याची शेपटी दिसते, चाकांच्या आणि पट्ट्यांच्या खुणा दिसतात, धुराची जागाच वाट कुठे काढली जात आहे ते सांगते. रात्रीच्या अंधारात इंजिनाची ऊब टिपणारे कॅमेरे काम करतात. रशियाचे ओर्लान-१० हे टेहळणी विमान तासन्‌तास आघाडीमागच्या हालचाली पाहू शकते. आघाडीच्या अगदी जवळ दोन्ही बाजूंचे सैनिक बाजारात मिळणारे माविक जातीचे छोटे ड्रोन वापरतात.

याचा पहिला आघात चढाई सुरू होण्यापूर्वीच होतो. एका ठिकाणी बळ गोळा करणे हा मुसंडीचा पाया आहे, पण गोळा झालेले बळ वरून ठळक दिसते. झाडांच्या ओळीखाली ५० चिलखती गाड्या, इंधनाचे टँकर आणि दारूगोळ्याचे ट्रक दडवणे जवळजवळ अशक्य झाले आहे. दिसले की तोफा आणि रॉकेटे तिकडे वळतात. त्यामुळे सेनापती बळ विखरून ठेवतो. विखुरलेल्या बळाने मोठा घाव घालता येत नाही. घाव घालायचा तर एकत्र यावे लागते आणि एकत्र आले की आधीच मार खावा लागतो. गेल्या काही वर्षांत या पेचाने दोन्ही बाजूंच्या सेनापतींना सारखेच छळले आहे.

दुसरा आघात वेळेचा आहे. पूर्वी टेहळणी पथकाला ताफा दिसला, तर त्याची खबर मागे जायची, नकाशावर जागा ठरायची, तोफखान्याला आदेश मिळायचा आणि मग पहिला गोळा पडायचा. तोवर ताफा पुढे गेलेला असायचा. आता ड्रोनचे चित्र थेट नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर येते, तोफांना जागेचे अंक मिळतात आणि पहिला गोळा कुठे पडला हे पाहून दुसरा लगेच सुधारता येतो.

साधा हिशेब करून पाहू. बारा गाड्यांचा ताफा एकमेकींत ५० मीटर अंतर ठेवून ५०० मीटरच्या वाटेतून ताशी ५ किलोमीटर वेगाने जात आहे असे धरा. काहीही न बिघडता शेवटची गाडी पलीकडे पोहोचायला सुमारे १३ मिनिटे लागतील. ताशी ८० किलोमीटर वेगाने उडणारा ड्रोन तेवढ्या वेळात १७ किलोमीटर अंतर कापतो. म्हणजे ताफा दिसल्यावर उडालेला ड्रोनही तो वाटेत असतानाच त्याला गाठतो. एखादी गाडी अडली आणि तेरा मिनिटांचा तास झाला, तर काय होते ते माला तोकमाच्काने दाखवले.

तिसरी कडी : वरून मारणारा हात

२०२३च्या उन्हाळ्यात ड्रोन मुख्यतः डोळा होता. मारण्याचे काम सुरुंग, तोफा, रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रे आणि केए-५२ हेलिकॉप्टरे करत होती. ही हेलिकॉप्टरे आठ-दहा किलोमीटरवरून क्षेपणास्त्र सोडत. ताफ्यासोबतच्या सैनिकांकडच्या, खांद्यावरून डागायच्या विमानविरोधी क्षेपणास्त्रांचा पल्ला त्याच्या निम्माच असे. मारक ड्रोनही तेव्हा होतेच. लान्सेट हा रशियन ड्रोन लक्ष्यावर घिरट्या घालून त्याच्यावर झेपावत असे आणि मागे उभ्या असलेल्या तोफा टिपत असे.

त्याच वर्षाच्या अखेरीस एफपीव्ही ड्रोनचा सुळसुळाट झाला. हा चार पंख्यांचा छोटा ड्रोन असतो. डोळ्यांवर पडद्याचा चष्मा लावलेला चालक त्याला कॅमेऱ्यातून पाहत उडवतो आणि त्याच्यावर अनेकदा आरपीजी-७चा स्फोटक गोळा बांधलेला असतो. त्याची किंमत काहीशे डॉलर, तर त्याने गाठलेल्या रणगाड्याची काही दशलक्ष डॉलर. डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांनी पुढच्या वर्षात १० लाख ड्रोन बनवण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. पुढच्याच वर्षी युक्रेनने मानवरहित यंत्रणांसाठी सैन्याची स्वतंत्र शाखा उभारली. रशियानेही उत्पादन तितक्याच जोमाने वाढवले.

एका एफपीव्हीने रणगाडा नष्ट होतोच असे नाही. पुष्कळदा एक पट्टा तुटतो, इंजिनाचे झाकण फुटते किंवा तोफेची दुर्बीण निकामी होते. पण रणगाडा थांबतो आणि थांबला की दुसरा, तिसरा, पाचवा ड्रोन त्याच्यासाठी येतो. रणगाड्याचे सर्वांत जाड चिलखत पुढे असते, कारण शत्रू समोरून मारा करतो हे धरूनच त्याची रचना झाली आहे. छत आणि मागची बाजू पातळ असते. ड्रोन चालक निवांतपणे तीच बाजू निवडतो. पूर्वी निकामी झालेला रणगाडा रात्री ओढून नेऊन दुरुस्त करता येत असे. आता त्याला ओढायला येणारे वाहनही दिसते आणि तेही लक्ष्य होते. त्यामुळे किरकोळ बिघाडही कायमचे नुकसान ठरू लागला.

हा मार रशियालाही चुकला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये पूर्व युक्रेनमधल्या वुहलेदारजवळ रशियन ताफे सुरुंग पेरलेल्या शेतांत पुन्हा पुन्हा त्याच वाटांनी गेले आणि उद्ध्वस्त झाले. युक्रेनी तोफा तिथे लहान सुरुंग भरलेले गोळे डागून आधी मोकळ्या असलेल्या वाटाही बंद करत होत्या. १० ऑक्टोबर २०२३ रोजी रशियाने अवदिव्का शहरावर मोठे यांत्रिक हल्ले सुरू केले. पहिल्या तीन आठवड्यांत रशियाची सुमारे २०० चिलखती वाहने गेली असावीत, असा ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाचा अंदाज होता. अवदिव्का अखेर फेब्रुवारी २०२४ मध्ये पडले. त्यामागे रशियन विमानांतून सोडलेले जड ग्लाइड बॉम्ब, पायदळाच्या छोट्या टोळ्या आणि युक्रेनकडची दारूगोळ्याची टंचाई होती. रणगाड्यांच्या ताफ्यांना आरंभी हवे असलेले झटपट खिंडार तिथेही मिळाले नव्हते.

एप्रिल २०२४ मध्ये बातमी आली, की अमेरिकेने दिलेले ३१ अब्राम्स रणगाडे युक्रेनने ड्रोनच्या धोक्यामुळे आघाडीवरून मागे घेतले आहेत. त्याच सुमारास रशियन रणगाड्यांवर पत्र्याची आणि जाळीची अवाढव्य छपरे दिसू लागली. त्यांनी काही ड्रोन अडवले, पण आतल्या सैनिकांना बाहेरचे दिसेना आणि तोफ पुरती वळेना. वाचण्यासाठी रणगाड्याने आपली लढण्याची क्षमताच गहाण टाकली.

चौथी कडी : पाठीमागचा रस्ता

समजा, एवढ्यातूनही काही गाड्या सुरुंगपट्टा ओलांडून शत्रूच्या खंदकांपर्यंत पोहोचल्या. आता खिंडार रुंद करायला मागून दुसरी फळी यायला हवी. इंधन, दारूगोळा, पाणी आणि औषधे यायला हवीत, जखमी मागे न्यायला हवेत. चढाईचा खरा निकाल इथे लागतो आणि ड्रोनचा सर्वांत खोल घावही इथेच बसतो.

आघाडीच्या दोन्ही बाजूंना सुरुवातीला काही किलोमीटर आणि २०२५ पर्यंत दहा-पंधरा किलोमीटर किंवा त्याहूनही रुंद असा पट्टा तयार झाला आहे, जिथे दिवसाढवळ्या वाहन दिसले की त्याच्यावर ड्रोन येतो. रसदीचे ट्रक या पट्ट्याबाहेर थांबतात. पुढे सामान पाठीवरून, चारचाकी मोटारसायकलींवरून किंवा मोठ्या ड्रोनमधून जाते. एका माणसाच्या पाठीवर पाणी, अन्न आणि गोळ्या मावतील. रणगाड्याला लागणारे शेकडो लिटर डिझेल मावणार नाही. त्यामुळे पुढे गेलेली तुकडी जिथे पोहोचते, तिथेच थबकते. तेवढ्यात शत्रू मागे नवी फळी उभारतो, नवे सुरुंग पेरतो आणि सगळा खेळ पहिल्यापासून सुरू होतो.

युक्रेनचे तत्कालीन सरसेनापती व्हालेरी झालुझ्नी यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’मध्ये या अडथळ्याचे स्वच्छ विवेचन केले. पहिल्या महायुद्धाप्रमाणे तंत्रज्ञानाने दोन्ही बाजूंना जागच्या जागी खिळवून ठेवले आहे, शत्रूची प्रत्येक हालचाल आपल्याला आणि आपली प्रत्येक हालचाल शत्रूला दिसते, असे त्यांचे म्हणणे होते. कोंडी फोडण्यासाठी त्यांनी आकाशावर वरचष्मा, इलेक्ट्रॉनिक युद्ध, शत्रूच्या तोफांचा माग, सुरुंग काढण्याचे नवे तंत्र आणि राखीव सैनिकांची तयारी ही क्षेत्रे पुढे ठेवली. मोहीम चालू असताना सेनापतीने आपल्या अपयशाचे इतके मोकळे विश्लेषण जाहीरपणे करावे, ही लष्करी इतिहासातली दुर्मीळ गोष्ट आहे.

डोळा बंद केला तर?

ड्रोनला उत्तर नाही असे नाही. ड्रोन आणि चालक यांच्यामधला दुवा रेडिओ लहरींचा असतो. त्याच लहरींवर जोरदार गोंगाट सोडला, की चित्र तुटते आणि ड्रोन भरकटतो. रशियाने आघाडीवर साधारण दर दहा किलोमीटरला एक मोठे जॅमिंग केंद्र ठेवले होते आणि युक्रेनला महिन्याला सुमारे १०,००० ड्रोन गमवावे लागत होते, असा रुसीचा मे २०२३ मधला अंदाज होता.

आधी आकाश आंधळे करायचे आणि मगच निघायचे, हा धडा युक्रेनने ६ ऑगस्ट २०२४ रोजी वापरला. रशियाच्या कुर्स्क प्रांतात युक्रेनच्या यांत्रिक तुकड्या अचानक शिरल्या. बेत मोजक्या लोकांनाच ठाऊक होता. हल्ल्याच्या आधी आणि हल्ल्याबरोबर रशियाचे टेहळणी ड्रोन पाडले गेले, रेडिओ लहरी जाम केल्या गेल्या. समोर अनुभव कमी असलेले सीमारक्षक आणि सक्तीच्या भरतीतले तरुण होते. पहिल्याच आठवड्यात सुमारे १,००० चौरस किलोमीटर प्रदेश ताब्यात आल्याचे सरसेनापती सिर्स्की यांनी सांगितले आणि सुद्झा हे गाव युक्रेनच्या हाती आले. ‘रणगाड्याचा जमाना संपला’ म्हणणाऱ्यांना हे उत्तर होते.

पण याच मोहिमेचा उत्तरार्धही तितकाच बोलका आहे. वेग ओसरला, आघाडी स्थिरावली आणि रशियाने आपली निवडक ड्रोन पथके तिथे आणली. त्यांच्याकडे फायबर ऑप्टिक ड्रोन होते. हा ड्रोन उडताना मागे केसासारखी बारीक तार सोडत जातो, चित्र आणि आदेश त्या तारेतून जातात, रेडिओचा संबंधच उरत नाही. त्यामुळे जॅमर त्याच्यापुढे निरुपयोगी ठरतो. सुद्झाकडे जाणाऱ्या मुख्य रस्त्यावर हे ड्रोन दबा धरून बसू लागले. येणारा प्रत्येक ट्रक, रुग्णवाहिका आणि चिलखती गाडी लक्ष्य झाली. रसदीचा रस्ता तुटल्यावर मार्च २०२५ मध्ये सुद्झा युक्रेनच्या हातून गेले. सात महिन्यांत एकाच भूमीवर मुसंडी कशाने साधते आणि कशाने विरते, ही दोन्ही उत्तरे मिळाली.

जुना धडा, नवी धार

यातले काही प्रश्न जुनेच आहेत. ऑक्टोबर १९७३ मध्ये सिनाई वाळवंटात इस्रायली रणगाडे पायदळ आणि तोफखान्याची पुरेशी साथ न घेता पुढे धावले, तेव्हा इजिप्तच्या सैनिकांनी तारेने नियंत्रित होणाऱ्या सॅगर क्षेपणास्त्रांनी त्यांची दाणादाण उडवली. रणगाडा संपला, असे तेव्हाही जगभर लिहिले गेले. काही दिवसांतच इस्रायलने पायदळ, तोफखाना आणि रणगाडे यांची मोट पुन्हा बांधली आणि सुएझ कालवा ओलांडला.

वाट काढणाऱ्या माणसाचे मोलही आपल्याला नवे नाही. एप्रिल १९४८ मध्ये काश्मीरमध्ये नौशेराहून राजौरीकडे निघालेले भारतीय रणगाडे रस्त्यातल्या सुरुंगांनी आणि आडव्या टाकलेल्या झाडांनी अडले होते. कारवारजवळच्या चेंडिया गावचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे बॉम्बे सॅपर्सच्या तुकडीसह पुढे झाले. शत्रूच्या गोळीबारात, स्वतः जखमी असताना, त्यांनी सलग काही दिवस अडथळे दूर केले आणि रणगाडे राजौरीला पोहोचले. त्यांना परमवीर चक्र मिळाले. डिसेंबर १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत सॅपर्सचे सुरुंग काढण्याचे काम पुरे होण्याआधीच पूना हॉर्सचे रणगाडे उरलेल्या सुरुंगपट्ट्यातून पलीकडे गेले, कारण पुढच्या पायदळावर शत्रूचे रणगाडे चालून येत होते. त्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांना वीरमरण आले आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

त्या काळी सॅपरला अंधाराचा, धुक्याचा, झाडीचा आसरा होता. आज हवामान सोडले तर त्याला आसरा उरलेला नाही. दाट धुके आणि पाऊस यांत ड्रोनची नजर अधू होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये पोक्रोव्स्क शहरात रशियन सैनिक धुक्याचा फायदा घेऊन मोटारसायकली आणि साध्या गाड्यांवरून शिरले, ते म्हणूनच. पण धुके पडण्याच्या भरवशावर कुठलीही मोठी मोहीम आखता येत नाही.

मग रणगाडा निरुपयोगी झाला?

नाही. माला तोकमाच्कापाशी निकामी झालेल्या ब्रॅडली गाड्यांमधले पुष्कळ सैनिक जिवंत परतले, कारण चिलखताने आपले काम केले होते. उघड्या ट्रकमध्ये किंवा मोटारसायकलवर असते, तर त्यांतले फार थोडे वाचले असते. भूमी जिंकायची आणि राखायची तर माणसांना तिथपर्यंत न्यावे लागते, आणि गोळे-तुकड्यांच्या पावसात माणसांना नेण्यासाठी चिलखताला अजून पर्याय नाही. युक्रेनमध्ये मोठे ताफे दिसेनासे झाल्यापासून दोन-दोन, तीन-तीन सैनिकांच्या टोळ्या पायी पुढे सरकतात. त्यांची आगेकूच मीटरांत मोजली जाते आणि तिची किंमत माणसांच्या जिवांत चुकवली जाते. मुसंडी थांबली म्हणून युद्ध थांबलेले नाही. ते अधिक संथ, अधिक लांब आणि अधिक निर्दय झाले आहे. अमुक बाजूचे किती रणगाडे जळाले, याची चित्रे चवीने पाहणाऱ्यांनी त्या प्रत्येक चित्रात तीन-चार घरांतली मुले बसलेली होती, हे विसरू नये.

बदलायला हवा तो चढाईचा क्रम. पूर्वी रणगाडे निघत आणि बाकीचे त्यांना साथ देत. आता आधी आकाशातले डोळे मिटवावे लागतील, शत्रूचे ड्रोन चालक शोधून त्यांना हुसकावावे लागेल, प्रत्येक चिलखती गाडीला ड्रोन पाडण्याचे स्वतःचे साधन द्यावे लागेल, सुरुंग काढण्याचे काम माणसांऐवजी यंत्रांकडून करून घ्यावे लागेल आणि रसदीचा रस्ता झाकावा लागेल. हे सगळे जमल्यावर रणगाडा निघेल. या क्रमातली एक पायरी गाळली, तर सर्वोत्तम रणगाडाही शेतात उभा राहील.

भारताला हा विचार लांबचा नाही. मे २०२५ च्या संघर्षात भारत आणि पाकिस्तान या दोघांनीही ड्रोन मोठ्या प्रमाणावर वापरले. पंजाबच्या सीमेवर कालवे आणि बांध आहेत, राजस्थानात आडोसा नसलेली वाळू आहे. आपले रणगाडा सैनिक अहिल्यानगरच्या चिलखती दलाच्या केंद्रात घडतात, बॉम्बे सॅपर्सचे केंद्र पुण्यात खडकीला आहे. या संस्थांना नवे रणगाडे जितके हवेत, तितकेच जॅमर, ड्रोनविरोधी तोफा, सुरुंग काढणारी मानवरहित यंत्रे आणि रोजच्या सरावात शत्रूच्या ड्रोनची भूमिका करणारी पथकेही हवीत. संचलनात ही साधने रणगाड्याइतकी उठून दिसत नाहीत, पण चढाई पुढे जाईल की रुतेल हे तीच ठरवतात. यापुढे संरक्षण खर्चाची बातमी वाचताना रणगाडे किती घेतले एवढेच पाहू नका. त्यांच्या पुढे वाट काढणाऱ्या आणि वरचे आकाश राखणाऱ्या सैनिकांना काय दिले, हा प्रश्न नागरिक म्हणून आवर्जून विचारा.